लाट उंच नव्हती, पण एकामागोमाग येत होती

कोकणाचं वर्णन करायला कोकणात यावं लागत नाही. निळाशार समुद्र, रुपेरी वाळू, नारळी-पोफळीच्या बागा, लाल मातीची वळणाची वाट, कौलारू घर आणि दारात तुळशीवृंदावन एवढं सामान जमवलं की डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही गावाचा निबंध तयार. मी दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे हा निबंध दर वर्षी गठ्ठ्याने वाचते. गंमत अशी की लिहिणारी पोरं समुद्राच्या हाकेवर राहणारी. अंगणात सुकट वाळत घातलेली असते, पण निबंधातल्या समुद्राला कधी वास येत नाही. आमच्याकडची वाळू करडी, ओली असली की काळपट. वहीत मात्र ती रुपेरीच.

यात पोरांचा दोष किती आणि आमचा किती, हे मोजायला बसले तर आमचंच पारडं जड होईल. दहावीची मराठीची कृतिपत्रिका ८० गुणांची. त्यात अपठित गद्याला ४ गुण. उतारा एकच, खाली चौकटी नि आकृतिबंध. आम्ही शिकवतो, 'उत्तर उताऱ्यातच असतं, शांतपणे शोध.' पोरं शोधतात. 'समुद्राच्या पाण्याचा रंग' या चौकटीत 'निळाशार' भरलं की काम झालं. लिहिणाऱ्याने तो रंग पाहिला होता की आठवला होता, हे विचारायला चौकट नाही. म्हणून मी वर्गात अधूनमधून दोन उतारे शेजारी शेजारी देते. दोन उतारे असले की उत्तर एकातही सापडत नाही, ते बसून तयार करावं लागतं. पोरं सुरुवातीला वैतागतात. परीक्षेला नसलेल्या गोष्टीवर वैतागण्याचा त्यांना हक्कच आहे.

असेच दोन उतारे यंदा पावसाळ्यात नववीला दिले. पहिला मीच जुळवला, आपल्या सगळ्यांच्या लाडक्या सामानातून:

'सायंकाळची वेळ होती. मावळत्या सूर्याची सोनेरी किरणे निळ्याशार पाण्यावर नाचत होती. फेसाळत्या लाटा किनाऱ्याला प्रेमाने कवटाळत होत्या. माडांच्या झावळ्या मंद वाऱ्यावर डोलत होत्या.'

दुसरा एका तांडेलाच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्याच्या, तोंडचा. जूनपासून मासेमारी बंद असते; होड्या खाडीत आत आणून झापांनी शाकारतात, आणि मग बोलायला माणसं मोकळी असतात. मेअखेरीस शेवटची फेरी कशी अर्धी टाकून परतलो, ते त्याने सांगितलं. मी जवळजवळ तसंच उतरवून घेतलं:

'दुपारपर्यंत ठीक होतं. मग वारा दक्षिणेला फिरला. पाणी जड झालं. लाट उंच नव्हती, पण एकामागोमाग येत होती, मधे दम घेऊ देत नव्हती. दोन जाळी ओढली, तिसरं सोडलंच नाही. होडी आत घेतली.'

प्रश्न साधा ठेवला होता: यातला वर्णनात्मक उतारा कोणता आणि का? बहुतेकांनी पहिला लिहिला, कारण त्यात विशेषणं आहेत, चेतनगुणोक्ती आहे, म्हणजे निर्जीव वस्तू माणसासारखी वागते. हे चूक नाही. लाटा कवटाळतात तिथे अलंकार ओळखायला आम्हीच शिकवलेलं असतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र उभा राहून म्हणाला, "बाई, दुसऱ्यात वर्णन कुठाय? ती तर बातमी आहे."

हा आक्षेप मला ओळखीचा वाटला, आणि त्याला कारण आहे. साधारण तेराशे वर्षांपूर्वी, सातव्या शतकाच्या आगेमागे, संस्कृत काव्यशास्त्रात हीच तक्रार झालेली आहे. सूर्य मावळला, चंद्र प्रकाशतो आहे, पाखरं घरट्याकडे निघाली, अशी एक ओळ घेऊन भामह हा काव्यशास्त्रकार विचारतो की हे काय काव्य आहे? ही नुसती वार्ता. म्हणजे आमच्या मागच्या बाकाचं म्हणणं अगदी शास्त्रसंमत. मजा पुढे आहे. दंडी हा दुसरा काव्यशास्त्रकार त्याच ओळीचा दाखला घेतो आणि म्हणतो की वेळ काय झाली हे सांगायचं असेल तर हेसुद्धा चांगलंच आहे. कोण आधी नि कोणी कोणाला उत्तर दिलं यावर पंडित भांडत आले आहेत, त्यात आपण पडायला नको. मला त्यातलं एवढंच हवं आहे: दंडी ओळीकडे बघताना ती कुठल्या कामाला लावली आहे ते विचारतो.

तेवढा एक प्रश्न हाताशी आला की तुलना सुरू होते. मी फळ्यावर लिहिलं, 'हे वाचून किंवा ऐकून झाल्यावर कोणी काय करायचं आहे?' पहिल्या उताऱ्यानंतर कोणी काहीच करायचं नाही. फार तर 'व्वा' म्हणायचं. दुसऱ्या उताऱ्याचं प्रत्येक वाक्य 'होडी आत घेतली' याच्याकडे सरकत जातं. वारा फिरला म्हणून पाणी जड झालं, म्हणून लाटांमधली फट संपली, म्हणून तिसरं जाळं सोडलं नाही. मधे कुठेही 'म्हणून' नाही, ते ऐकणाऱ्याने भरायचं. मग मी क्रियापदांखाली रेघा मारायला सांगितल्या. पहिल्यात: होती, नाचत होती, कवटाळत होत्या, डोलत होत्या. सुरुवातीचं 'होती' सोडलं तर सगळा अपूर्ण भूतकाळ. सूर्य मावळता आहे पण मावळत नाही, लाट येते आहे पण फुटत नाही. सगळं चित्र एका जागी हलतं आहे. दुसऱ्यात: फिरला, झालं, ओढली, सोडलं, घेतली. एकेक गोष्ट घडून संपते आणि मागच्या अवस्थेत परत जाता येत नाही. अपूर्ण भूतकाळ तिथे एकाच वाक्यात येतो, लाटेच्या, आणि तिथे तो हवाच. कारण त्या लाटा खरोखर थांबत नव्हत्या.

विशेषणाचं म्हणाल तर तांडेलाचा सगळा भार एकाच विशेषणावर, 'जड'. पाणी जड झालं. या दोन अक्षरांवर वर्गात जेवढी चर्चा झाली तेवढी एखाद्या अख्ख्या धड्यावर होत नाही. जड म्हणजे दिसायला कसं? दिसत नाही, वल्ह्याला कळतं, असं एकीने सांगितलं. तिच्या घरी छोटी होडी आहे. इंजिनाच्या आवाजातही कळतं, असं दुसऱ्याने. म्हणजे हे विशेषण डोळ्याचं नाहीच, हाताचं आणि कानाचं आहे. निळाशार कोणालाही म्हणता येतं, मुंबईतल्या दहाव्या मजल्यावर बसूनसुद्धा.

इथे थांबून एक सांगून टाकते, नाहीतर हा लेख विशेषणांवर उठलेला वाटेल. लेखन शिकवणारे बरेच लोक हल्ली 'विशेषणं काढा, विशेषणं काढा' असं सांगत सुटलेत. मला ते पटत नाही. दंडीचंच बघा. वस्तू आहे तशी डोळ्यांपुढे उभी करणं म्हणजे स्वभावोक्ती, आणि अर्थालंकारांच्या यादीत तो तिला पहिलं पान देतो. तिथे तो उदाहरण देतो पोपटांचं: तांबूस वाकड्या चोची, हिरवे मऊ पंख, गळ्याभोवती तीन रंगांच्या रेघा, गोड बोल. सगळा श्लोक विशेषणांचा, क्रियापद शोधून सापडत नाही. तरी तो उतारा कावळ्याला लावून बघा, किंवा मैनेला. बसतच नाही. तेव्हा विशेषण किती आहेत हे मोजण्यापेक्षा ते दुसऱ्या कोणाच्या अंगाला बसतं का, हे बघावं. 'फेसाळत्या लाटा' गोव्याला बसतात, पुरीला बसतात, चौपाटीला तर बसतातच.

कामाचं वर्णन म्हटलं की सरकारी भाषेला वगळून चालत नाही, आणि आमच्या किनाऱ्यावर ती पावसाळ्यात रोज ऐकू येते. 'कोकणात तुरळक ठिकाणी अति मुसळधार पावसाची शक्यता. समुद्र खवळलेला राहील.' वाचताना हे किती ढिसाळ वाटतं. तुरळक म्हणजे काय, खवळलेला म्हणजे किती? पण हवामान खात्याच्या कोष्टकात यातल्या प्रत्येक शब्दाला कुंपण आहे. तुरळक ठिकाणी म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर; काही ठिकाणी म्हणजे निम्म्यापर्यंत. अति मुसळधार म्हणजे २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर, आणि तो दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. खवळलेला समुद्र म्हणजे अडीच ते चार मीटरच्या लाटा. हे सांगितल्यावर वर्गाला फसवल्यासारखं झालं. त्यांच्या निबंधात पाऊस 'मुसळधार' असतो तो निव्वळ सवयीने. इथे त्याच शब्दाला मिलिमीटरची मापं.

मग तांडेलाचं वाक्य या कोष्टकात कुठे बसतं? कुठेच नाही. 'लाट उंच नव्हती' असं तो म्हणतो, म्हणजे उंचीवरून बघितलं तर त्या दिवसाचा समुद्र खवळलेल्या वर्गात कदाचित गेलाही नसता. त्याला भीती दोन लाटांमधल्या अंतराची होती. हवामान खातं हजारो होड्यांसाठी बोलतं, तांडेल एका होडीसाठी. दोघांचंही बरोबर आहे. एका मुलीने लिहिलं की पहिला उतारा समुद्राचं वर्णन करतो आणि दुसरा समुद्रातल्या होडीचं. मी तिथे लाल शाईने नुसती बरोबरची खूण केली. त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

कोण कुठे उभं राहून बघतोय, यावर तर स्वतंत्र तास घ्यायला हवा. १८८० साली छापलेला रत्नागिरी-सावंतवाडीचा गॅझेटियर किनाऱ्याकडे साहेबाच्या टेबलावरून बघतो: बंदर, वस्ती, व्यापार, किल्ल्याची अवस्था. महसूल गोळा करणाऱ्याला लागतं ते सगळं त्यात आहे. जहाजांच्या कप्तानांसाठी जी किनारा-मार्गदर्शकं निघतात, त्यांत जमीन पाण्यावरून दिसते. डोंगराचा माथा कसा आहे, देऊळ कुठून दिसू लागतं, दीपगृह कुठल्या बाजूला ठेवायचं. आमच्याकडच्या जुन्या माणसांची रीतही तीच. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आपण भक्तिभावाने पायऱ्या चढून बघतो; होडीवाल्याला तो किनाऱ्याची खूण म्हणूनही उपयोगी. निबंधातला समुद्र नेहमी किनाऱ्यावरून बघितलेला असतो. ज्यांचे बाप रोज उलट्या बाजूने बघतात त्या पोरांच्या निबंधातसुद्धा.

आता ज्या उताऱ्यांपाशी मी दर वर्षी अडखळते तिथे येते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आदळलं, आणि खालच्या अंगाला दापोली-मंडणगडच्या बागा त्याने आडव्या केल्या. वीज गेली ती कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे आली नाही. मग तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक असे गावोगाव पंचनामे करत फिरले. पंचनामा हा वर्णनाचा केवढा कडक प्रकार आहे, हे तेव्हा कळलं. त्याची भाषा साधारण अशी: 'सदर घराच्या पडवीवरील कौले पूर्णतः उडालेली, वासे मोडलेले. मागील परसातील सुपारीची झाडे मुळासकट उन्मळून पडलेली. विहिरीलगतचा एक माड अर्ध्यावर मोडलेला आढळून आला.' उडालेली, मोडलेले, पडलेली, आणि शेवटी आढळून आला. वारा कुठेच नाही. ज्याने हे सगळं केलं तो कर्ताच कागदावरून गायब, कारण पंच आले तेव्हा वारा तिथे नव्हता आणि जे समोर नाही ते पंचाने लिहायचं नसतं. मला ही शिस्त आवडते. अलंकाराला एका शब्दाचीही जागा नाही, आणि एका चुकलेल्या शब्दाने माणसाचे पैसे बुडू शकतात. 'अंशतः' आणि 'पूर्णतः' यांतलं अंतर आमच्या गावाला तेव्हा जेवढं कळलं तेवढं माझ्या व्याकरणाच्या तासांनी कधी कळलं नसतं.

वर्णनाचं एकक चुकलं तर काय होतं, तेही दिसलं. नुकसानभरपाई हेक्टरवर मोजायची पद्धत. हेक्टरात साधारण ९९ गुंठे, आणि कोकणातली परसबाग असते पाच-दहा गुंठ्यांची. पण त्या गुंठ्यांत माड, पोफळी, मिरीचा वेल, जायफळ, केळ असं एकावर एक उभं असतं. हेक्टरच्या हिशेबात या बागेचं वर्णन 'थोडी जमीन' एवढंच होतं. लोकांनी झाडागणिक भरपाई मागितली आणि पुढे झाडागणिक दर ठरलेही. मागणी पैशाची होती हे उघड आहे. पण ती आमच्या बागेचं वर्णन नीट करा अशीही होती.

याच्या शेजारी ठेवायला माझ्याकडे दुसरा उतारा आहे. आमच्या शेजारच्या आजी वादळाचं सांगताना कौलांवरून सुरुवात करत नाहीत. त्या सांगतात: "आधी पोफळी वाकल्या, परत उठल्या. वाकल्या, परत उठल्या. मग उठल्याच नाहीत." त्यांच्या सांगण्यात वारा आहे, पण तोही नावाने येत नाही, तो दोन वाकण्यांच्या मधे आहे. पडल्यानंतर परसातून थेट शेजाऱ्याची मागची पडवी दिसू लागली, एवढी वर्षं ती कधी दिसली नव्हती, हे त्या सांगतात. हे पंचनाम्यात येणार नाही. मोकळ्या झालेल्या जागेची भरपाई कुठल्या रकान्यात लिहिणार? उलट आजींच्या सांगण्यात झाडांची संख्या नाही. कितीदा विचारलं तरी त्या आकडा सांगत नाहीत, 'सगळी' म्हणतात. पंचाला 'सगळी' चालत नाही.

हे दोन उतारे मी वर्गात देते तेव्हा चांगला कोणता, असं विचारत नाही. पोरांना तेच विचारायचं असतं. माणसाचा स्वभावच आहे, दोन गोष्टी दिसल्या की एकीला पहिला नंबर द्यायचा. आजींचा उतारा हृदयस्पर्शी आणि पंचनामा रुक्ष, असं उत्तर आलं की मी विचारते, तुझं घर पडलंय आणि तहसीलदारासमोर उभा आहेस, कोणता कागद हातात हवा? आणि वीस वर्षांनी तुझ्या मुलाला वादळ सांगायचंय, तेव्हा कोणता?

इथपर्यंत माझा फळ्यावरचा प्रश्न छान चालला होता. वर्णन ऐकून कोणी काय करायचं, तेवढं ओळखा, मग शब्दांची निवड उलगडते. मग याच वर्गातल्या एका मुलीने 'आमच्या घरचा पाऊस' म्हणून चार ओळी लिहून आणल्या:

'पाऊस थांबला तरी पागोळ्या पडत राहतात. आमच्या कौलांच्या वेगळ्या वाजतात, काकांच्या पत्र्याच्या वेगळ्या. पत्र्याच्या आधी थांबतात. मग फक्त आमच्याच वाजतात.'

हे वाचून कोणी काहीही करायचं नाही. होडी आत घ्यायची नाही, भरपाई द्यायची नाही, पर्यटकाने यायचं नाही. माझा प्रश्न इथे वाकड्यात गेला, आणि तरी उतारा पक्का आहे: शेवाळलेलं कौल पाणी धरून ठेवतं, पत्र्यावरून ते सरळ घरंगळून जातं, त्यामुळे पत्र्याच्या पागोळ्या खरोखरच आधी थांबतात. हे ज्याने ऐकलं आहे त्यालाच लिहिता येईल. स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यांना दाखवलं, तर ते म्हणाले, "छान आहे, पण यात एकही अलंकार नाही." मी स्वभावोक्तीचं नाव घेतलं. ते हसले आणि म्हणाले, "ती काय, काहीच नसलं की लावता येते." यावर आमचं मधल्या सुट्टीभर वाजलं. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही; साधं लिहिलं म्हणजे स्वभावोक्ती झाली, असं म्हणणारे आळशी लेखक मीही पाहिले आहेत. त्यांना मी शेवटी एवढंच विचारलं की काकांच्या घरावर पत्रा का आला असेल. वादळानंतर आमच्याकडे कितीतरी घरांवरची कौलं गेली आणि पत्रे आले. मुलीने त्याचा उल्लेखही केलेला नाही. तेव्हा ती एवढीशी होती, तिला हा आवाजांमधला फरक कायमचाच वाटत असणार.

आता दिवाळीनंतर सहल रत्नागिरीला न्यायची आहे. तिथे थिबा पॅलेस, लोकमान्यांचं घर, मत्स्यालय हे नेहमीचं होईलच. माझा डोळा वेगळ्याच ठिकाणी आहे. रत्नदुर्ग किल्ल्याच्या डोंगराच्या एका अंगाला काळा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र, अशी नावं तिथली माणसं सहज वापरतात. पाणी दोन्हीकडे एकाच अरबी समुद्राचं. नावं पडली ती वाळूवरून. मांडवीची वाळू काळी, पलीकडची उजळ. मुलांना दोन्हीकडे अर्धा अर्धा तास बसवायचं आणि दोन उतारे लिहून घ्यायचे, काळा, पांढरा आणि निळा हे तिन्ही शब्द न वापरता. वर्गात सांगितलं तेव्हा थोडा गोंगाट झाला. मग मागच्या बाकावरच्या त्याच मुलाने विचारलं, "बाई, वाळू हातात घेऊन बघितली तर चालेल ना?" चालेल म्हटलं. "आणि पाण्यात उतरलं तर?" त्याचं उत्तर मुख्याध्यापकांना विचारून सांगते म्हणाले.